राजाची तलवार आणि धाकटी बहीण

पत्र : ताई, आम्ही कुडाळ तालुक्यातले. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. जत्रेत दशावतार पाहिल्यापासून त्याला दुसरा विषय नाही. राजाची भूमिका करणाऱ्या एका नटाचा तर भक्तच झालाय. टॉवेलचा शेला, पुठ्ठ्याचा मुकुट, हातात काठीची तलवार. आणि राक्षस कोण, तर साडेतीन वर्षांची बहीण! दोनदा तिच्या कपाळाला लागलं. ह्यांचं म्हणणं, हे नाटकाचं वेड बंद करून भिंतीवर थोर माणसांचे फोटो लावूया. त्यात गेल्या जत्रेत तोच नट मागच्या बाजूला बिडी ओढताना त्याला दिसला. तेव्हापासून ‘राजा वाईट आहे का?’ म्हणून विचारतोय. मोबाइलवर तरी दशावतार दाखवू की तोही बंद करू?

उत्तर : वेड बंद करू नका. सहा वर्षांच्या मुलाला आदर्श नेमून देता येत नाही. याने तो आपणहून निवडलाय, म्हणजे निम्मं काम झालंय. अडचण अशी की या वयात मूल डोळ्यांना दिसतं तेवढंच उचलतं. राजाने शरण आलेल्याला सोडलं, हे कळायला मागचंपुढचं जोडावं लागतं. तलवार फिरवली, ते नुसतं दिसतं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली हेच तपासलं होतं. मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी पुढे बाहुली तशीच बडवली, शब्दसुद्धा तेच वापरून. नंतरच्या एका प्रयोगात बडवणाऱ्याला शिक्षा झालेली दाखवली, तेव्हा नक्कल कमी झाली. पण ‘करून दाखवलंस तर बक्षीस’ म्हटल्यावर त्याच मुलांनीही बाकीच्यांइतकंच करून दाखवलं. म्हणजे तुमच्या धपाट्याने तलवार तुमच्यासमोर थांबेल, आणि पडवीत पुन्हा निघेल.

त्यापेक्षा त्याला रंगमंचाचा खरा नियम सांगा. दशावतारातली लढाई मृदंगाच्या ठेक्यावर होते. गिरक्या, उड्या सगळं असतं, पण तलवार समोरच्याच्या अंगाला लागू द्यायची नसते. लागली तर नट कच्चा. हे त्याला ‘मारू नये’पेक्षा लवकर पटेल, कारण यात त्याच्या राजाचं कसब आहे. काठी काढून घ्या आणि वर्तमानपत्राची सैल गुंडाळी द्या. लढाई अंगणातच, दोघांत हातभर अंतर ठेवून, आणि बहीण ‘हो’ म्हणाली तरच. राक्षस एकदा ती, एकदा तो. गुंडाळी अंगाला लागली की त्या दिवसापुरता खेळ संपला आणि तलवार माळ्यावर. ओरडायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी आठवणीने परत द्यायची. आठवडाभर जप्त केलीत तर त्याच्या लक्षात राग राहील, कारण राहणार नाही.

पुढच्या जत्रेला नाटकाआधी तासभर लवकर जा. कलाकारांची परवानगी घेऊन त्याला रंग लावताना बघू द्या. आरशासमोर बसून नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, दागिने बांधतो, काम झालं की सामान जागच्या जागी ठेवतो. राजा होण्यामागे एवढी खटपट आहे, हे मुलाला दिसायला हवं. सिंहासनावर बसलेला राजा पाहून ते कळत नाही. आणखी एक दाखवण्यासारखं आहे. दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात, ते तिथल्या तिथे सुचतात. समोरचा काय बोलला ते नीट ऐकलं नाही तर उत्तर देता येत नाही. घरी ‘मध्ये बोलू नकोस’ हे शंभरदा सांगण्यापेक्षा हे एकदा दाखवा.

बोलायचं ते नाटकाच्या दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना, पाच मिनिटं. ‘काय शिकलास?’ विचारू नका. ‘चांगलं वागावं’ म्हणून तो सुटका करून घेईल. ‘राजाने कुणाला सोडून दिलं? का सोडलं?’ असं विचारा. एका वेळी एकच गुण घ्या आणि दोन-तीन आठवडे तोच चालवा.

मग तो गुण कामात उतरवायचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं होतं, शेजारी खेळायला टॅबलेटही होता. बॅटमॅनसारख्या आवडत्या पात्राचं सोंग घेऊन ‘बॅटमॅन मेहनत करतोय ना?’ असं विचारत काम करणारी मुलं सगळ्यांत जास्त वेळ टिकली. तुमच्याकडे राजा आहेच. शेला बांधून चपला ओळीत लावणं, कोंबड्यांना दाणे, तुळशीला पाणी, असं आठ-दहा मिनिटांचं काम द्या. काजूच्या ओल्या बिया मात्र हातात नकोत, चिकाने कातडी सोलते.

हे बिघडतं कुठे, तर आपण राजाची छडी करतो तिथे. ‘राजा असा रडतो का?’ असं दोन-चारदा झालं की मूल राजाला तरी सोडतं, नाहीतर आपल्याला सांगणं तरी सोडतं. राजाचं नाव काम सुरू करताना घ्यायचं, चूक झाल्यावर नाही.

फोटोंबद्दल. लावू द्या त्यांना, पण फोटोतून मुलाला काही कळत नाही, गोष्ट लागते आणि तीही त्याच्या मापाची. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, हे त्याला आज कळणार नाही. पण दापोलीजवळच्या मुरूडचा एक मुलगा, म्हणजे हेच कर्वे, परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेला, तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्याला बसू दिलं नाही, तरी त्याने शिक्षण सोडलं नाही, हे कळेल. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट मात्र दोन वर्षं थांबवा. सहा वर्षांचं मूल त्यातून ‘पसारा मी केला नाही, मी उचलणार नाही’ एवढंच घेतं आणि रोज संध्याकाळी आपल्याला ऐकवतं.

आता बिडी. ‘ते दुसरेच कुणीतरी होते’ असं खोटं सांगू नका, आणि ‘बघ, म्हणून सांगत होते’ असंही नको. या वयाच्या मुलाला माणूस एकतर पुरता चांगला नाहीतर पुरता वाईट वाटतो. तिसरा पर्याय तुम्हीच द्यायचा. सरळ सांगा : ‘बिडीने छाती खराब होते. त्यांना ती सवय लागलीय, ती चांगली नाही. लढाई ते फार छान करतात. आपण लढाई घेऊ, बिडी नाही घ्यायची.’ तो आठवडाभर पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी हेच आणि एवढंच सांगा. घरात कुणी ओढत असेल तर पुढचा प्रश्न त्यांच्यावर येणार, त्याची तयारी ठेवा.

मोबाइलवर लढायांचे कापलेले तुकडे नकोत. त्यांत वध दिसतो, वधाचं कारण दिसत नाही. एखादा प्रवेश दहा-पंधरा मिनिटं, तुम्ही शेजारी बसून दाखवा आणि लढाईआधीचं बोलणं वगळून पुढे जाऊ नका. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, ती सोय आधी बंद करा.