बिडकीनसारख्या वाढत्या गावाच्या मध्यभागी आधी घरं होऊ द्यावीत का रोजगाराला जागा राखावी?

तुम्ही विचारलंय की टोयोटा, एथर या गाड्यांच्या कंपन्या येणार म्हणून बिडकीनला जमिनीचे भाव चढलेत, तुमची दीड एकर मेन रोडला आहे, तर मध्यभागी घरं होऊ द्यावीत का दुकानं-वर्कशॉपसाठी जागा राखून ठेवावी. माझं उत्तर, दोन्ही एकाच जागेवर. खाली शटर, वर किरायाच्या खोल्या. "राखून ठेवावी" हा शब्द वाचला आणि डोकं फिरलं, म्हणून लिहायलोय.

आमचं गाव छत्रपती संभाजीनगर शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे, नाव नाही सांगत, ओळखीचे लोक इथं वाचतात. 2004 च्या सुमारास डेव्हलपमेंट प्लॅनचा नकाशा लागला तर आमची रोडलगतची एक एकर निळी. म्हणजे सार्वजनिक कामासाठी आरक्षण, शॉपिंग सेंटर आणि भाजी मंडई. वडील खूश, आपल्या शेतात बाजार भरणार म्हणून चार लोकांना सांगत फिरले, हरकत घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमचे दाजी मात्र हुशार. त्यांची दोन एकर आमच्या मागं, त्यांनी एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, लेआउट नाही, चुना टाकून 20 बाय 30 चे प्लॉट पाडले आणि बाँड पेपरवर विकून मोकळे. कंपनीतल्या पोरांनी घेतले, का नाही घेणार, परवडणारं दुसरं होतंच काय? मी तेव्हा दाजींना म्हणलं, निदान 30 फुटी रस्ता तरी सोडा, बाजारात दुकान टाकायला माणूस मागून येणार कसा. ते म्हणले, कंपनी आली की सगळं आपोआप होतं, तू पुस्तकं वाच.

पुढं काय झालं, तर मंडई झालीच नाही. जागा घ्यायला कुणी आलं नाही, आम्हाला बांधू देईनात, विकायला गेलं तर आरक्षणाची जागा घेतं कोण. वेड्या बाभळी वाढल्या. मंगळवारचा बाजार रोडवरच भरायचा, ट्रकच्या चाकाजवळ मेथीच्या जुड्या. एका बारशात जेवणाच्या पंगतीत दाजी सगळ्यांसमोर म्हणले, "मामांच्या मंडईत सध्या काय भाव चाललाय, बाभळीच्या शेंगांचा?" सगळे हसले. वडील ताटावरून उठले. ते 2017 ला गेले, पण त्या दिवसानंतर दाजींच्या घरचं पाणी प्याले नाहीत. आणि कळस म्हणजे 2021 ला गुंठेवारीच्या, म्हणजे असे विनापरवानगी पाडलेले प्लॉट नियमित करायच्या, कायद्यात दुरुस्ती झाली, 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं पैसे भरून नियमित करता यायला लागली, म्हणजे दाजींचे प्लॉट पण कायदेशीर. नियमानं चालणारा येडा, दुसरं काय!

दहा वर्षं उलटल्यावर नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस दिली, जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा अशी, आरक्षण सुटेपर्यंत काय काय झालं ते वेगळंच रामायण. 2018 ला बांधलं. खाली चार शटर, वर आठ खोल्या. मेस, मोटार रिवाइंडिंग, लेडीज टेलर आणि झेरॉक्सवाला, मिळून अकरा माणसं कामाला आहेत. गिऱ्हाईक कोण, तर वरच्या खोल्यांतली पोरं आणि दाजींच्या प्लॉटवरची बिऱ्हाडं. घरं नसती तर शटर उघडून माशा माराव्या लागल्या असत्या, आणि नुसती घरं असती तर साधी मोटार जळाली तरी शहर गाठावं लागलं असतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्या शहरातलं सिडकोचं टाऊन सेंटर बघा, तिथल्या कॅनॉटच्या बाजारात संध्याकाळी चक्कर मारा. मधे बाग, भोवती दुकानं, आजूबाजूला एन-1 सेक्टरपासूनची छोटी-मोठी घरं, चिकलठाणा एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. ऑरिकच्या, म्हणजे बिडकीनला होणाऱ्या औद्योगिक शहराच्या, कागदावरही कामाला चालत जाता येईल अशी घरं आहेत, चांगलं आहे, पण कंत्राटावरचा पोरगा वन बीएचके घेत नसतो, त्याला कॉट टाकण्यापुरती खोली लागते आणि ती बिडकीन गावातच शोधणार तो. नकाशा काढणाऱ्यांना ही खोली दिसत नाही.

तेव्हा नकाशा लागला की तीस दिवसांत हरकत घ्या, लेखी, पोचपावती घेऊन. आरक्षण पडलंच तर मोबदला नाहीतर टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडं बांधायचा हक्क, जे काय ते आधीच मागा. गप बसलात तर दहा वर्षं गेली, वर नोटिशीनंतरचे 24 महिने. शेतात प्लॉट पाडायचा सल्ला कुणी दिला, दाजी असू दे नाहीतर अजून कुणी, ऐकू नका.

हां, एक राहिलं. खाली दुकानाला परवानगी मिळेल का ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर असतं, त्यामुळं आधी झोन दाखला काढा, प्लॅनमधे तुमची जागा कशासाठी दाखवलीय ते त्यात कळतं. मी टाऊन प्लॅनर नाही, एका गावावरून बोलायलोय. आणि पाणी बघा. जायकवाडी तुमच्या उशाला आहे म्हणून निवांत राहू नका, आम्ही पण धरणाच्या जिल्ह्यातलेच, तरी उन्हाळ्यात टँकर.

तो टँकर दाजींच्या गल्लीत शिरत नाही, दहा फुटी गल्ली. माझ्या शटरसमोर उभा राहतो आणि तिथून दीडशे फूट पाईप टाकून त्यांच्या टाकीत पाणी जातं. पाईप माझाच आहे, अजून काही बोललो नाही त्यांना.