नुसतं लोळायला एवढ्या लांब?

प्रश्न : ताई, येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला 25 वर्षं होतात. पुण्याच्या मुलीनं मॉरिशसचं सहा रात्रींचं पॅकेज काढलंय, अर्धे पैसे ती देतेय. तिनं रोजच्या फिरण्याचा तक्ताही पाठवलाय, सकाळी आठपासून. आमचं उसाचं रान, दोन म्हशी, सासूबाई. 25 वर्षांत माहेर, पंढरपूर आणि एकदा तिरुपती सोडून मी कुठं गेले नाही. खरं सांगू का, मला फिरायचंच नाही. समुद्राकाठी पडून राहायचंय आणि कुणीतरी आयता चहा आणून द्यावा. हे म्हणतात, “एवढ्या लांब जाऊन नुसतं लोळायचं? लोळायला शेतातल्या आखाड्यावर काय कमी जागा हाय?” हे माळकरी आहेत, त्यांच्या जेवणाचं कसं? आणि पोहता दोघांनाही येत नाही. कृपया नाव छापू नका. (सेलू, जि. परभणी)

उत्तर : आखाड्यावर लोळायला गेलेली बाई पंधरा मिनिटांत उठून शेण ओढायला लागते, हे त्यांना सांगा. प्रश्न जागेचा नाही, म्हशींचा आहे. सहा रात्री आणि जाण्यायेण्याचे दिवस धरून गडी लावा, आणि त्याचा पगार उसाच्या बिलातून द्यायचा, मुलीच्या पैशांतून नाही.

मुलीचा तक्ता बाजूला ठेवा. सहा रात्रींत बाहेर पडायचं ते तीनदा. उरलेले दिवस तुमचे.

महिना चांगला निवडलाय. आम्ही दोघं ऑगस्टमध्ये गेलो होतो. लातूरच्या एका एजंटानं सांगितलं, “मॅडम, तिथं बाराही महिने समुद्र.” समुद्र बाराही महिने असतोच, तो काही उठून जात नाही. पण जुलै-ऑगस्ट हा तिथला हिवाळा, आणि आमचं रिसॉर्ट पडलं पूर्व किनाऱ्यावर, जिथं आग्नेयेचा वारा थेट अंगावर येतो. आमचे हे चार दिवस पुळणीवर कानटोपी घालून बसले होते. फोटो आहे, दाखवत नाही. मे महिन्यात ऊन सौम्य असतं, चक्रीवादळांचे जानेवारी ते मार्च हे महिने मागे पडलेले असतात. तरी बुकिंग करताना पश्चिम किनारा मागा, फ्लिक-आँ-फ्लाकच्या बाजूचा, नाहीतर उत्तरेला ग्राँ बे.

पोहता येत नाही याची काळजी करू नका. बेटाच्या बहुतेक किनाऱ्याला पोवळ्यांची भिंत आहे. लाटा तिच्यावरच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं निवांत असतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की स्वतःच्या पायाची बोटं दिसतात. रबरी बूट मात्र घाला, काटेरी समुद्री साळू पायाखाली आली तर सुट्टी संपलीच म्हणून समजा. दक्षिणेला ग्री-ग्री म्हणून जागा आहे, तिथं ही भिंत नाही. ते लांबूनच बघायचं.

एक आपल्याकडचं सांगते. आमच्या खोलीत आंघोळीचा टब होता. मी तो सहा दिवसांत एकदाही भरला नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या लातूरनं बघितलंय, तिथल्या बाईच्या हातून तो नळ सुटत नाही. तुम्ही भरून घ्या, माझी आठवण काढू नका.

आता जेवण. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, म्हणजे सगळं खाणंपिणं धरलेलं पॅकेज, घेऊ नका. त्यात दारूचे पैसे धरलेले असतात, आणि तुळशीची माळ घातलेल्या माणसानं दुसऱ्यांच्या दारूचं बिल का भरायचं? ‘हाफ बोर्ड’ घ्या, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारी बाहेर खा, खरं जेवण तिथंच आहे.

ढोल पुरी नावाचा पदार्थ आहे. नाव ऐकून आपली पुरी डोळ्यांपुढं आणू नका, ही तळलेली नसते. तव्यावरची पातळ, मऊ पोळी, आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं कोरडं सारण, हळदीचा रंग, जिऱ्याचा वास. पहिला घास घेतला आणि मी ह्यांना म्हटलं, “अहो, ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी!” गाडीवाला दोन पोळ्या एकावर एक टाकतो, वर वालाच्या पांढऱ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा, लोणचं, भसकन मिरचीची चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. जोडीनंच मिळते. आम्ही भर बाजारात उभ्यानं खाल्ली, कोपरापर्यंत ओघळ. गातो पिमाँ म्हणजे डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे, तेही माळकऱ्याला चालतात. मिरचीचं वाटण माझावारू म्हणून मिळतं, ठेच्याची तहान त्यावर भागते. ते घेताना त्यात सुकी कोळंबी आहे का, हे मात्र विचारून घ्या, कधी कधी असते. उन्हातून आल्यावर आलुदा घ्या, सब्जाचं थंडगार दूध.

तीन बाहेरच्या दिवसांपैकी पहिला तुमच्या ह्यांना द्या. 1834 पासून 1920 पर्यंत आपल्याकडची जवळजवळ पाच लाख माणसं करारावर त्या बेटावर नेली गेली, मुख्यतः उसासाठी. ती ज्या धक्क्यावर उतरली तो आप्रवासी घाट पोर्ट लुईला आहे. तिथून पाम्प्लमूसला जा. तिथला बो प्लाँ नावाचा साखर कारखाना 1999 मध्ये बंद पडला, आता त्या इमारतीत साखरेचं संग्रहालय आहे आणि शेवटी तऱ्हेतऱ्हेच्या कच्च्या साखरेची चव देतात. वाटेत उसाच्या फडांमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील. रान मोकळं करताना मजुरांनी हातानं वेचून रचलेले आहेत ते. दगड ज्वालामुखीचा, आपल्या रानातल्यासारखाच. आमच्या ह्यांनी गाडी थांबवून एक उचलून बघितला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. बीडची उसतोड बघितलेल्या माणसाला तिथं कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात तिथला ऊस उभा असतो, तोड जूनच्या पुढं. तुमचे हे फडात शिरून कांड्या मोजणार, हे गृहीत धरा.

दुसरा दिवस गंगा तलावाचा. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं, काठावर 33 मीटर उंच शंकर. महाशिवरात्रीला लोक तिथं घरापासून पायी जातात. वारीच्या माणसाला हे कळेल.

तिसरा दिवस ठरवू नका, तिथं गेल्यावर बघा.

रात्री रिसॉर्टवर सेगा नाच असतो. गुलामांनी जिवंत ठेवलेला नाच, पाय जमिनीवरून न उचलता घसटत चालतो. त्यातलं रवान हे वाद्य बघा : गोल, रुंद, बकऱ्याच्या कातड्याचं, वाजवायच्या आधी जाळावर शेकतात. हलगी शेकतात तसंच. हॉटेलात कधी कधी प्लॅस्टिकचं असतं, ते शेकायची गरज नसते आणि ऐकायचीही.

मराठी माणसं भेटतील, कोकणातून गेलेल्यांचे वंशज. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. घरात मात्र आता बहुतेक क्रिओल ही तिथली बोलीच बोलतात, त्यामुळं आडनाव ओळखीचं निघालं म्हणून लगेच गप्पांची आशा धरू नका.

बारीकसारीक : पर्यटक म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हातात ठेवा. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून थेट विमान साधारण सहा तास. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. फळं, भाज्या, बियाणं नेऊ नका. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानाच्या सामानात चालत नाही, तेलामुळं पेट घेते. शेंगदाण्याची चटणी नीट पॅक करा.

राहता राहिला चहा. तिथं व्हॅनिलाच्या वासाचा चहा लोकप्रिय आहे. मला पहिले तीन दिवस तो आइस्क्रीम उकळल्यासारखा लागला. म्हणून सुंठेची पूड बरोबर असू द्या, खोलीत बहुधा किटली असते. ती किटली तुम्ही लावायची नाही. तुमच्या ह्यांना बटण कुठलं ते पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.