दीड टन कशाचा?

एका वाचकाने विचारलं आहे: "एसी घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, तुमच्या खोलीला दीड टन लागेल. यंत्र तर दोन माणसं सहज उचलतात, मग हा टन कशाचा? आणि मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अप्रकट उष्मा' आहे, तो काय प्रकार?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर बर्फात आहे.

यंत्रं येण्याआधी गारवा बर्फाच्या वजनावर विकला जाई. अमेरिकेत गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून साठवत. १८३३ साली बोस्टनहून 'टस्कनी' जहाजातून तो थेट कलकत्त्याला आला होता. त्यामुळे यंत्राची ताकद सांगतानाही हिशेब बर्फाचाच राहिला: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता बाहेर काढणारं यंत्र एक टनाचं. हा टन अमेरिकी, २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा.

आता अप्रकट उष्मा. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी व्हायला ८० कॅलरी उष्णता लागते. एवढी उष्णता देऊनही तापमापीतला पारा हलत नाही. ती गेली कुठे? बर्फाचं पाणी करण्यात. अठराव्या शतकात शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी तिला लॅटिनमधला 'लपलेली' या अर्थाचा शब्द लावला, त्याचं मराठी 'अप्रकट'. मला हा शब्द मनापासून आवडतो, कारण उष्णता असते, फक्त पाऱ्यावर प्रकट होत नाही. अडचण 'उष्मा'ची आहे. "आज फार उष्मा आहे" म्हणताना आपल्या मनात उकाडा असतो, आणि बर्फात उकाडा कुठला, असं मुलांना वाटणारच. जुन्या पुस्तकांतला 'सुप्त उष्णता' मला त्या मानाने सुबोध वाटतो.

आता टनाचा हिशेब. ग्रॅमला ८० कॅलरी म्हणजे किलोला ८० किलोकॅलरी. ९०७ किलोंना ८० ने गुणा आणि २४ ने भागा: तासाला सुमारे ३,०२४ किलोकॅलरी, म्हणजेच साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो. हा आकडा विजेच्या वापराचा नाही. वीज त्याहून बरीच कमी लागते. मी 'उपसतो' मुद्दाम म्हटलं. "एसी गारवा सोडतो" असं आपण म्हणतो, पण तो खोलीतली उष्णता विहिरीतल्या पाण्यासारखी काढून बाहेर ओततो. म्हणून बाहेरच्या यंत्राजवळ गरम झोत लागतो.

हे काम करणाऱ्या पदार्थाला मराठीत प्रशीतक म्हणतात, बोलताना नुसतं 'गॅस'. खरं तर तो आत द्रवाची वाफ होताना सुप्त उष्णता घेतो आणि बाहेर वाफेचा पुन्हा द्रव होताना ती सोडतो. पाझरणाऱ्या माठाचं पाणी उडून जातं, इथे प्रशीतक बंद नळीत फिरत राहतो, एवढाच फरक.

यासाठीच "एसीतला गॅस संपला" हा वाक्प्रयोग मला खटकतो. शेगडीतला गॅस जळतो, म्हणून तो संपतो. एसीतला जळत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. तेव्हा कारागीर "गॅस संपलाय, भरू का?" म्हणाला, तर आधी विचारा, "गळती कुठे आहे?"