जायकवाडीच्या रोहूची गाभोळी म्हणजे कॅव्हिअर का? बेलुगा, ओसेत्रा ही काय नावं आहेत?

नाही, रोहू-कटलाच्या गाभोळीला कॅव्हिअर म्हणता येत नाही, कारण नुसतं कॅव्हिअर म्हणलं की ती स्टर्जन जातीच्या माशाची मीठ लावलेली अंडीच असायला पाहिजेत, अन्नपदार्थांचं जे कोडेक्स नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात २०१० पासून हेच धरलंय. आणि स्टर्जन आपल्या गोदावरीत काय, भारतातल्या कुठल्याच नदीत मुळात नाही, तो कॅस्पियन, काळा समुद्र असल्या थंड भागातला मासा.

तुम्ही विचारलेली नावं माशावरून पडलीत:

- बेलुगा: शास्त्रीय नाव हुसो हुसो, सगळ्यात मोठा स्टर्जन, अंडी टपोरी, करडी, आणि सगळ्यात महाग कारण मादी अंड्यावर यायलाच १५-२० वर्षं लागतात
- ओसेत्रा: रशियन स्टर्जन, मध्यम दाणा, तपकिरी ते सोनेरी
- सेव्रुगा: लांब नाकाचा तारकी स्टर्जन, दाणा बारीक, चव तिखट नाही पण उग्र

आता नदीतला स्टर्जन फार कमी उरलाय, १९९८ पासून त्याच्या सगळ्या जाती साइट्स कराराखाली आहेत (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार), म्हणून बाजारातलं बहुतेक कॅव्हिअर पाळलेल्या माशांचंच असतं आणि त्यात चीन सगळ्यात पुढं. ते घ्यायला काहीच हरकत नाही, उलट तेच घ्यावं.

फक्त एक, काही देशांत माशाचं नाव पुढं लावून ‘सॅल्मन कॅव्हिअर’ असं विकलेलं चालतं, म्हणून डब्यावर माशाचं नाव नक्की बघा.