आंबा आणि मॉस: तक्त्यातल्या जोड्या कुठे चुकतात

तुम्ही आंबा आणि फ्युनारिया (मॉस) यांचा तक्ता केलाय: मुळासमोर मूलाभ (मॉसचे मुळासारखे धागे), पानासमोर पान, मोहोरासमोर मॉसचं बोंड. दिसायला ठीक आहे, पण या जोड्या जुळत नाहीत. वनस्पतीच्या जीवनचक्रात दोन पिढ्या आलटूनपालटून येतात, आणि तुम्ही त्या दोन वेगळ्या पिढ्या शेजारी ठेवल्या आहेत.

आंब्याच्या झाडाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एकूण ४०. म्हणजे झाड हा स्पोरोफाईट, बीजाणू बनवणारी पिढी. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर दिसणारी मॉसची हिरवी गादी मात्र एकाच संचाची, म्हणजे गॅमेटोफाईट, नर-मादी युग्मकं बनवणारी पिढी. तिच्यातून वर आलेला बारीक दांडा आणि टोकाचं बोंड, एवढाच मॉसचा स्पोरोफाईट. अख्ख्या आंब्याची खरी जोडी या दांड्या-बोंडाशी लागते!

मग आंब्याचा गॅमेटोफाईट कुठे गेला? आहे, पण सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. दोन-तीन पेशींचा परागकण हा नर, आणि बीजांडातला सात पेशींचा भ्रूणकोश (ज्यात अंडं असतं) ही मादी. मॉसमध्ये जी पिढी स्वतः अन्न तयार करते, ती इथे झाडाच्या जिवावर जगते. मॉसचं उलटं: बोंडाचा दांडा तळाशी हिरव्या रोपात रुतलेला असतो आणि तिथून पाणी-अन्न घेतो. काही नोट्समध्ये त्याला सरळ परजीवी म्हणतात, ते मला पटत नाही. कोवळं बोंड हिरवं असतं, त्याला पर्णरंध्रं (हवेची सूक्ष्म छिद्रं) असतात, थोडंफार अन्न तेही बनवतं.

पिढ्यांचा हा पालट जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८५१ साली मांडला, तेव्हा गुणसूत्रांचं काम कुणाला ठाऊकही नव्हतं.

उंचीचा फरकही यातच येतो. मॉसच्या पुंयुग्मकाला (नर पेशीला) दोन कशाभिका, म्हणजे पोहायच्या शेपट्या, असतात, तो पाण्याच्या थरातून पोहत अंड्यापर्यंत जातो. शिवाय पाणी वर चढवणाऱ्या काष्ठमय नळ्या मॉसला नाहीत. त्यामुळे ते जमिनीलगतच राहतं. आंब्याचा परागकण माश्या नेतात आणि पुढचं अंतर परागकणातून फुटणारी परागनलिका कापते, पाण्याचा थर लागत नाही.

तक्ता ठेवायचाच असेल तर बोंडासमोर परागकोश आणि बीजांड लिहा, कारण अर्धसूत्री विभाजन (दोन संचांचा एक संच करणारं पेशीविभाजन) तिथेच होतं. हिरव्या रोपासमोर परागकण आणि भ्रूणकोश. मूलाभासमोरचा रकाना रिकामा सोडा.