भाऊबीजेला पुऱ्या तळत उभं राहायचं नसेल तर

*ताई, दर भाऊबीजेला संध्याकाळी आमच्याकडे दोघी नणंदा, त्यांचे यजमान, मुलं, धाकटे दीर आणि जाऊ असे सगळे येतात. सासू-सासरे धरून १४ जण, त्यात चार मुलं. घर टू बीएचके. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, कोशिंबीर, भजी आणि एक गोड हे ठरलेलं. गेल्या वर्षी सगळे जेवत होते तेव्हा मी पुऱ्या तळत होते. मी जेवायला बसले तेव्हा साडेदहा वाजले होते आणि नणंदा निघायच्या तयारीत होत्या. बाहेरून मागवू म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, ‘भाऊबीजेला बाहेरचं?’ नवरा म्हणतो, ‘तू सांग, मी मदत करतो.’ पदार्थ कमी केले तर मी कंटाळा केला असं वाटेल. काय करू?*
*— एक वाचक, ठाणे*

सप्रेम नमस्कार.

तुमच्या यादीतले सहा पदार्थ काही फार नाहीत. अडचण अशी आहे, की त्यातले दोन पदार्थ, पुरी आणि भजी, ऐन वेळीच करावे लागतात. साधी पुरी पाच-सात मिनिटांत बसते आणि तिच्यातली मजा जाते. १४ माणसांना ७० पुऱ्या धरल्या, घरच्या कढईत एका वेळी दोन बसतात असं धरलं, तर लाटणारं माणूस वेगळं असूनही तास जातो. हा तास नेमका सगळ्यांच्या जेवणाचा. तेव्हा पदार्थ मोजू नका. पानं मांडल्यावर गॅसपाशी उभं राहावं लागेल असं काय काय आहे ते मोजा आणि तेवढंच काढून टाका.

बाहेरून मागवायच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे. चार दिवस घरात तळण आणि गोड झाल्यावर हॉटेलच्या तेलकट भाज्या कोणालाच नको असतात. त्या दिवशी जीभ मागते ते साधं, गरम, थोडं आंबट-तिखट.

म्हणून बेत असा करा: मसालेभात, टोमॅटोचं सार, मोडाच्या मटकीची उसळ, खमंग काकडी, श्रीखंड आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. हेही सहाच झाले. पण पानं मांडल्यावर गॅसपाशी यातलं एकच काम उरतं, सार गरम करणं. तिखट-मिठाच्या पुऱ्या गारच छान लागतात, त्या दुपारी चारला तळून मोकळं व्हा. सणाला कढई चढली पाहिजे हा सासूबाईंचा मुद्दाही त्यात राहतो. भजी मात्र सोडा.

श्रीखंडापासून सुरुवात करा, कारण त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन लिटर म्हशीच्या दुधाला विरजण लावा. (पंचांगात मध्ये भाकड दिवस आला तर सगळंच एक दिवस पुढे न्या.) पाडव्याला सकाळी दही लागलं की लगेच फ्रीजमध्ये, आणि संध्याकाळी पंचात बांधून चक्क्याला लावा. चक्का नळाला टांगू नका. दिवाळी ऑक्टोबरच्या उकाड्यात आली असेल तर बाहेर टांगलेलं दही रात्रभर आंबत राहतं आणि मग कितीही साखर घाला, मागची आंबट चव जात नाही. रोळीखाली पातेलं, रोळीत दह्याची पुरचुंडी, वर ताटली आणि वजनाला पाण्याने भरलेला डबा, असं सगळं फ्रीजमध्ये ठेवा. दहा-बारा तासांत साधारण ८०० ग्रॅम चक्का मिळेल. हाताला न चिकटता गोळा होतो आहे ना, ते बघा. ओलसर असेल तर आणखी दोन तास द्या, कारण साखर पडली की तो आणखी सैल होणार आहे.

८०० ग्रॅम चक्क्याला ६०० ग्रॅम साखर पुरे. जुन्या हिशोबात साखर चक्क्याइतकीच असते, पण पाचव्या दिवशी एवढं गोड कोणी खात नाही. साखर कालवून तासभर झाकून ठेवा, ती विरघळली की मग पुरणयंत्रातून काढा. घाई केली तर श्रीखंड दाताखाली कचकचतं. मिक्सरमध्ये तर मुळीच फिरवू नका, त्याचं पातळ लस्सीसारखं होतं आणि पुन्हा घट्ट होत नाही. चमचाभर कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, किंचित जायफळ घाला. माणशी १०० ग्रॅम होईल. चक्क्याचं निघालेलं पाणी टाकू नका, त्यातच पुऱ्यांची कणीक मळायची आहे.

पुऱ्यांना एक किलो कणीक, अर्धी वाटी बेसन, दोन मोठे चमचे रवा, ओवा, तीळ, हळद, तिखट, मीठ आणि अर्धी वाटी कडकडीत तेलाचं मोहन. कणीक घट्ट मळा, सैल पीठ तेल पितं. मळल्यावर वीस मिनिटं ठेवून लगेच लाटायला घ्या, जास्त वेळ राहिलं तर पीठ सैल पडत जातं. लाटताना कोरडं पीठ लावू नका. ते कढईत उतरून जळतं आणि पुढच्या सगळ्या पुऱ्यांना काळे ठिपके आणि कडवट वास येतो, त्यापेक्षा तेलाचं बोट लावा. लहान आकाराच्या ६५ ते ७० पुऱ्या होतात. तळल्यावर कागदावर एकेरी पसरून पूर्ण गार करा. गरम असताना डब्यात रचल्या की वाफेने ओल्या होतात आणि एकमेकींना चिकटतात.

मटकी अर्धा किलो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिजत घाला, पाडव्याला सकाळी उपसून फडक्यात बांधा, रात्रीपर्यंत मोड येतील. मग फ्रीजमध्ये. भाऊबीजेला दुपारी उसळ करा, पण कुकरमध्ये नको, मोड आलेली मटकी एका शिट्टीतही गळते. फोडणीवर परतून, गरम पाणी घालून, ताटलीवर पाणी ठेवून पंधरा मिनिटं शिजवा. दाणा बोटांत दाबला की दबला पाहिजे, फुटायला नको. आमसूल आणि गूळ दाणा शिजल्यावर घाला, आंबट आधी पडलं तर दाणा ताठ राहतो. मुलांसाठी तिखट बेताचं ठेवा, मोठ्यांना ठेचा पानात वेगळा वाढता येतो.

साराचा अर्धा भाग पाडव्यालाच उरकतो. सव्वा किलो लाल टोमॅटो एका शिट्टीवर वाफवून, वाटून, गाळून फ्रीजमध्ये ठेवा. त्याच दिवशी एका नारळाचं दोन वाट्या घट्ट दूध काढून वेगळं ठेवा आणि दुसरा नारळ खवून ठेवा, तो भातावर आणि काकडीत लागेल. सार बिघडतं ते उकळीने. टोमॅटोचा आंबटपणा आणि जोरदार आच एकत्र आली की नारळाचं दूध फाटून वर चोथा तरंगतो. म्हणून आधी टोमॅटोचा रस, पाणी, मीठ, गूळ, तिखट एवढंच उकळा आणि मोठा चमचाभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून लावा. मग आच मंद करून नारळाचं दूध घाला आणि कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. तूप-जिरे-कढीपत्त्याची फोडणी वरून द्या. सगळं मिळून दोन लिटर करा. कढी चालली असती, पण श्रीखंडही दह्याचंच, तेव्हा सार बरं.

काकडीचं एकच पथ्य: मीठ-साखर वाढायच्या वेळी. सव्वा किलो काकडी चोचवून, हलक्या हाताने पिळून ठेवा. दाण्याचं कूट, खोबरं, मिरची-जिऱ्याची तुपातली फोडणी तयार ठेवा आणि पानं मांडताना कालवा. आधी मीठ घातलंत तर अर्ध्या तासात भांड्यात पाणीच पाणी.

आता मसालेभात. चौदा जणांत, सोबत पुऱ्या असताना, ८०० ग्रॅम तांदूळ पुरतो. आंबेमोहोर एवढ्या प्रमाणात गचका होतो, सुरती कोलम किंवा जुना बासमती घ्या. आणि पाच लिटरच्या कुकरचा मोह टाळा. भात करताना कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो आणि तांदूळ, तोंडली, पाणी मिळून हा ऐवज अर्ध्याच्या बराच वर जातो. मग वरचा भात बोटचेपा आणि खालचा करपलेला असा निघतो, शिवाय शिट्टीतून पाणी बाहेर येतं ते वेगळं. सात-आठ लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या, नसेल तर जाऊबाईंकडून आणवा.

तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. तेलात मोहरी, हिंग, हळद, तमालपत्र, लवंग, दालचिनी, मग ३०० ग्रॅम उभी चिरलेली तोंडली. तोंडली आधी चांगली पाच-सात मिनिटं परता, ती भाताबरोबर शिजत नाहीत, मागे राहतात. मग मूठभर काजू, वाटीभर मटार (या दिवसांत फ्रोझनच) आणि तांदूळ. तांदूळ जड लागेनासा होऊन झाऱ्यावर सुटा वाजायला लागेपर्यंत परता. ज्या वाटीने तांदूळ मोजले तिनेच दुप्पट उकळतं पाणी, तांदूळ नवा असेल तर एक वाटी कमी. वाटीला एक चहाचा चमचा गोडा मसाला, त्याच्या निम्मी धने-जिरे पूड, मीठ, गुळाचा खडा. पाणी चाखा, किंचित खारट लागलं तर भात बरोबर होतो. उकळी आली की एकदाच हलवा, नंतर झारा घातला की शीत मोडतं. पाणी आटून वर भोकं दिसली की पातेल्याखाली तवा सरकवा, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, आणि शीत जरा बोटाला टणक असतानाच गॅस बंद. एवढ्या मोठ्या पातेल्यातली वाफ उरलेलं काम करते. जाड टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं तासभर गरम राहतं.

यावरून वेळ ठरवा. ओवाळणी कधीच ठरल्या वेळेत संपत नाही. दोघी बहिणी, दोघे भाऊ, मग मुलांचं ओवाळणं, मग फोटो, मग पाकिटं. म्हणून भाताला पाणी घालायचं ते पहिलं निरांजन लागायच्या आधी. भात चाळीस मिनिटांत होतो, मुरतो, आणि ओवाळणी लांबली तरी बिघडत नाही. आल्या आल्या चहाबरोबर मात्र चिवडा-चकलीची ताटं फिरवू नका. सातला फराळ झाला की साडेआठला कोणी जेवत नाही आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्या मसालेभात संपवत बसता. चहा आणि फार तर एकेक करंजी.

आता माणसांचं. सासूबाईंना बेत त्या दिवशी सांगू नका आणि ‘चालेल का?’ असंही विचारू नका. आठ दिवस आधी, दोघीच असताना, ठरवून सांगा: ‘आई, या वेळी मला सगळ्यांबरोबर पंगतीत बसायचंय. म्हणून साध्या पुऱ्यांऐवजी तिखट-मिठाच्या करू. पिठाचं प्रमाण तुमच्या हातचं हवं.’ कणीक भिजवणं त्यांच्याकडेच द्या आणि मग त्यांनी तीळ जास्त घातले तरी काही बोलू नका. त्यांचा आग्रह पुरीपेक्षा लेकी-जावयांपुढे घर कमी पडू नये यासाठी असतो. सहा पदार्थ, घरचं श्रीखंड आणि एक पंगत यात कुठे काही कमी पडत नाही.

नणंदांना ‘येताना काहीतरी करून आणा’ असं इतर सणांना जरूर म्हणा, भाऊबीजेला नको. त्या दिवशी त्या माहेरी येतात. काम करायचं ते त्यांच्या भावांनी, म्हणजे तुमचे यजमान आणि दीर यांनी.

‘तू सांग, मी मदत करतो’ यात अडचण अशी, की सांगणं हेही कामच आहे आणि ते तुमच्याकडेच राहतं. म्हणून कामं तोडून नका देऊ, अख्खी द्या. सार यजमानांचं: फ्रीजमधून काढण्यापासून फोडणी देऊन वाढेपर्यंत, वर लिहिलेली कृती त्यांनाच वाचायला द्या. दुसरं काम पाण्याचं आणि भांड्यांचं: वाट्या-ताटं मोजून पुसून ठेवणं, सतरंज्या, तांब्या-भांडी आणि जेवणानंतर खरकटं काढून ओटा पुसणं, हे दिरांकडे. मध्ये जाऊन ‘असं नाही, तसं’ म्हणू नका. सार थोडं खारट झालं तर होऊ दे.

टेबल भिंतीला लावून पातेली त्यावर, आणि हॉलमध्ये समोरासमोर दोन ओळींत चौदा पानं बसतात. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना खुर्ची. पहिलं वाढप दोघा भावांनी करावं आणि मग त्यांनीही बसावं. मध्ये दोन ठिकाणी भाताची, उसळीची भांडी ओगराळ्यासकट ठेवली की पुढचं ज्याचं तो घेतो. तूप आणि पुऱ्यांची टोपली मुलांच्या हाती द्या, ती आनंदाने फिरतात. आग्रह करायचा तो सासूबाईंनी, बसल्या जागेवरून.

कोणी म्हणालंच, ‘या वेळी भजी नाहीत का?’ तर ‘नाहीत, श्रीखंड घ्या आणखी’ एवढंच. कारणं देत बसू नका.

उरलेला भात रात्री ओट्यावर ठेवू नका. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. पंगत उठली की पसरट डब्यात काढून थेट फ्रीजमध्ये. उसळ उरली तर दुसऱ्या दिवशी पाणी आणि तिखट वाढवून उकळा, फराळाची शेव आणि चिवडा वर घाला, पाव आणायला यजमानांना पाठवा.