वळ उठवणाऱ्या हातात भाकर कशी घेऊ?

प्रश्न : सिस्टर, प्रभूमध्ये सलाम. मी भांडुपला राहते, आमच्या मंडळीत संडेस्कूल घेते. सासूबाईंना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. दिवसा बाई येते, रात्र माझी. रात्री दोन-तीनला त्या डायपर ओढून काढतात, चादर-भिंत सगळं भरवतात, आणि वर मलाच विचारतात, 'तू कोण गं?' मी ओरडते. मागच्या महिन्यात त्यांचं मनगट इतकं आवळलं की सकाळी वळ दिसला. दर वेळी रडून प्रार्थना करते, 'पुन्हा असं नाही' म्हणते, आणि आठवड्यात परत तेच. तीन महिने मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेतलेला नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने अयोग्य प्रकारे ही भाकर खाणाऱ्यांबद्दल लिहिलंय, त्याची धास्ती वाटते. सुधारल्याशिवाय पुढे कशी जाऊ?
– एक भगिनी, भांडुप

उत्तर : सलाम, बाई. आधी त्या वळाबद्दल. माझी तीस वर्षं वॉर्डात गेली. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, बोट जरा जोरात दाबलं तरी निळं पडतं. तो वळ लहान होता असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. तुम्ही तो लिहून कळवलात, तिथूनच पुढे जाऊ.

आता ज्या वचनाने तुम्हाला अडवलंय ते, १ करिंथ ११:२७. त्याच्या जरा वर, एकविसाव्या वचनापासून वाचा. करिंथच्या मंडळीत सगळे जेवायला जमायचे. ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे, आणि गरीब उपाशी राहायचे. पौल संतापलाय तो या वागण्यावर. आपल्या पापाने कासावीस झालेल्या बाईला दारातून परतवायला त्याने ते लिहिलेलं नाही. आणि अठ्ठाविसाव्या वचनात तो काय सांगतो? स्वतःची परीक्षा करा आणि मग खा. परीक्षा करा आणि घरी बसा, असं तिथे नाही. तुम्ही तीन महिने परीक्षाच करताय. खायचं तेवढं राहिलंय.

'सुधारल्याशिवाय' हा तुमचा शब्द मला फार लागला, कारण तो माझाही होता. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. रात्रपाळी, पुरुषांचा वॉर्ड, खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या. एका आजोबांनी वातात तीनदा सलाइन उपटलं. चौथ्यांदा मी त्यांचा हात बँडेजने खाटेला बांधला. रागाने बांधला, म्हणून घट्ट बांधला, आणि दुसऱ्या टोकाला निघून गेले. पहाटे पाहिलं तर पंजा सुजून पुरीसारखा झालेला. मी गाठ सोडत होते आणि माझेच हात कापत होते. आमच्या आयाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'सिस्टर, मला हाक मारायची होती ना. मी इथेच होते.'

त्यानंतर मीही कित्येक महिने प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसायचे. देवाला म्हणायचे, थांब, मी आधी चांगली होते, मग येते. आजारी माणसाने बरं झाल्यावर दवाखान्यात जाईन म्हणावं, तसंच ते. कृपा या शब्दाचा अर्थ मला धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ होता. कळला तो आयाबाईंच्या त्या वाक्यातून. मदत चार पावलांवर होती. मी हाक मारली नव्हती, कारण एकटीने निभावणं म्हणजे चांगली नर्स असणं, असं मला वाटायचं.

पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. कृपा तुला पुरे आहे, अशक्तपणातच माझं सामर्थ्य पूर्ण होतं, असं उत्तर आलं (२ करिंथ १२:९). काटा तसाच असणारा माणूसही प्रभूच्या कामाचा असतो. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक शीघ्रकोपी होते, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते लपवलेलं नाही; त्यांचीच गीतं आपण उपासनेत गातो. मी रागाला सूट देत नाहीये. पण 'पुन्हा असं नाही' ही जन्मभराची शपथ सोडून द्या. अरण्यात इस्राएली लोकांना देवाने दिलेला मान्ना, म्हणजे त्यांचं अन्न, रोजच्यापुरताच मिळायचा, उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. रात्री अकराला दिवा मालवताना फक्त त्या रात्रीपुरतं मागा.

आणि हाक मारा. नवऱ्याला सांगा की आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्या. आई त्यांचीही आहे. महिला मंडळातल्या एखाद्या विश्वासाच्या बाईला वळाची गोष्ट तोंडाने सांगा. हात शिवशिवायला लागला की पलंगाचा कठडा लावून खोलीबाहेर या. चादर दहा मिनिटांनी बदलली तरी चालेल. सासूबाईंना डॉक्टरांना दाखवा. लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा पोट साफ होत नसेल, तरी अशा पेशंटची रात्रीची तगमग वाढते. आणि त्यांची माफी मागा. त्या विसरतील, तरी मागा.

येत्या प्रभुभोजनाला पुढे जा. त्याच आठवड्यात पाळकसाहेबांना घरी बोलवा, सासूबाईंनाही प्रभुभोजन द्यायला सांगा. पाठीशी दोन उशा देऊन त्यांना ताठ बसवा. गिळायला जमत असेल तर भाकरीचा अगदी लहान तुकडा रसात भिजवून द्या, सुका घशात अडकतो. आणि तो त्यांच्या तोंडात तुमच्याच हाताने द्या.